हिशेब कुणाचा, सही कुणाची?

दुधाचा हिशेब चुकलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. कालनिर्णयच्या चौकोनात बारीक अक्षरात ‘१ लि.’, ‘अर्धा’, ‘नाही’ असं लिहिलेलं असतं आणि महिनाअखेरीला दूधवाल्याने वीस रुपये जास्त सांगितले तर ती त्याला तारखेनिशी गप्प करते. भिशीत कोण किती हप्ते मागे आहे, पुतणीच्या लग्नात कुणी किती आहेर केला, वाण्याकडची उधारी, कामवालीने घेतलेली उचल, सगळं तोंडपाठ. आणि हीच बाई सात वर्षं शाळेच्या गणवेशांची शिलाई कंत्राटावर घेते, वर्षाला साडेचार लाखांची बिलं करते, आणि तिला विचारलं की मागच्या वर्षी नेमके किती मिळाले, तर म्हणते, ‘‘अहो ताई, तसं काही धरून नाही ठेवलं. आले तसे घरात गेले.’’

मी तालुक्याच्या गावात एका करसल्लागारांच्या कार्यालयात खाती लिहिते. बावीस वर्षं झाली. सुरुवातीला लांबलचक लाल वह्यांमध्ये कीर्द-खतावणी होती, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. पण माझ्या टेबलापुढे बायका जी पिशवी घेऊन बसतात ती मात्र तीच आहे. साड्यांच्या दुकानातली, बंद तुटलेली. तिच्यात बिलांच्या कार्बन प्रती, बँकेची तीन पासबुकं, विजेची बिलं, मुलाची गुणपत्रिका, एखाद्या लग्नाची पत्रिका आणि तळाशी न फोडलेली दोन-तीन पाकिटं. पोळी-भाजीचे डबे देणारी, मेस चालवणारी, ब्लाउज शिवणारी, सतरंज्या आणि चादरींची ऑर्डर घेणारी, दवाखान्याच्या साफसफाईचं कंत्राट घेणारी, क्लास घेणारी. दुकानावर पाटी नाही, पगाराची स्लिप नाही, पण कमाई आहे. चांगली आहे.

‘बायकांना त्यातलं कळत नाही,’ हे वाक्य मी आमच्या कार्यालयात इतक्या वेळा ऐकलंय की आता कान किटलेत. मला ते साफ खोटं वाटतं. साताऱ्याकडच्या म्हसवडची गोष्ट बहुतेकींना ठाऊक असेल. चेतना सिन्हांनी तिथल्या बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक म्हणून ज्यांची नावं होती त्यातल्या कितीतरी जणी अंगठाबहाद्दर होत्या. बायका पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही हे खरं, पण व्याज मोजून दाखवतो, तुम्हीही मोजा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तेव्हा कळण्याचा प्रश्न नाहीच.

प्रश्न वेगळा आहे. तिच्या कामाला घरात कुणी धंदा म्हणत नाही. तीही म्हणत नाही. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान असेल तर लक्ष्मीपूजनाला त्याच्या नव्या वहीवर स्वस्तिक निघतं. हिच्या शिलाई मशीनला दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळतं, वही मात्र मिळत नाही. ‘बसल्या बसल्या चार पैसे’ असं ज्या कमाईला म्हणतात तिचा हिशेब ठेवायचा असतो हे कुणाच्या मनात येणार? मग ती कमाई भाजीत, फीमध्ये, सासऱ्यांच्या औषधांत जिरते. आणि एक दिवस पोस्टमन पाकीट आणून देतो, किंवा मोबाइलवर आयकर खात्याचा मेसेज येतो, तेव्हा कळतं की सरकार मात्र इतकी वर्षं तिच्या कामाला धंदाच समजत होतं.

त्या पाकिटाचं पुढे काय होतं तेही सांगते. ते देवघराच्या फळीमागे जातं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणणार, ‘तुला सांगितलं होतं, कशाला हवेत नसते उद्योग.’ शेजारणीला सांगितलं तर गावभर होणार. सहा महिने पाकीट तिथेच, आणि ही रात्री जागी. गणवेशवाल्या वहिनी माझ्याकडे २०२५ च्या जूनमध्ये आल्या तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : ‘‘ताई, पोलीस घरी येतात का हो?’’

पाकिटात काय होतं? तुमच्या नावावर कंत्राटाच्या रकमा दिसतात, रिटर्न दिसत नाही, खुलासा करा, एवढंच. रकमा दिसल्या कशा, तर टीडीएसमुळे. कंत्राटदाराला पैसे देताना थोडा कर आधीच कापून घ्यायचा ही पद्धत १९७२ पासूनची आहे. एका बिलाचे तीस हजारांवर किंवा वर्षाचे मिळून एक लाखावर पैसे होत असतील, तर संस्था एकट्या व्यक्तीचा एक टक्का कापते आणि तिच्या पॅन नंबरावर सरकारकडे भरते. पन्नास हजारांच्या बिलाचे साडेएकोणपन्नास हजारच खात्यात आले की ते पाचशे कुठे गेले ते हेच. वहिनींना वाटायचं, शाळेचा क्लार्क चहापाण्याचे कापतो. त्याच्यावर सात वर्षं त्यांनी मनातल्या मनात राग धरला होता!

आम्ही बसून आकडे काढले. बँकेचा उतारा घेतला, आयकराच्या पोर्टलवरून २६एएस नावाचा तक्ता काढला, त्यात कुणी किती दिले आणि किती कापले हे वर्षवार दिसतं. दोऱ्याची रिळं, बटणं, मदतनीस दोघींची मजुरी, वीज, मशीनची दुरुस्ती वजा जाता वहिनींच्या हातात वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास राहत होते. तेव्हाची करमुक्त मर्यादा अडीच लाख. म्हणजे करच नाही. त्या रकमेला रिटर्न भरायची सक्तीही नव्हती. दंड नाही, पोलीस नाहीत. उलट कापलेला एक टक्का सगळाच्या सगळा परत मागता आला असता. फळीमागे पाकीट ठेवून ज्या बाईने सहा महिने झोप घालवली तिचेच पैसे सरकारकडे पडून होते.

मला राग येतो तो इथे. चूक कुणाची याच्यावर नाही, या उलट्या हिशेबावर. भीती जिला वाटते ती बहुतेक वेळा देणेकरी नसतेच. खरे देणेकरी आमच्या कार्यालयात एसीखाली बसून बेफिकीर हसत असतात.

आता परत मिळण्याचं बघू. रिटर्न मुदतीत किंवा उशिराने त्याच आकारणी वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत भरलं तर परतावा सरळ खात्यात येतो. ती तारीख गेली की दार बंद होतं, पण कडी घातलेली नसते. आयुक्तांकडे विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करावा लागतो. उशीर का झाला याचं खरं कारण द्यावं लागतं, आणि मिळालेल्या पैशांवर व्याज मिळत नाही. वहिनींचं सगळ्यात जुनं वर्ष त्यामुळे गेलंच. करोनाच्या वर्षी शाळा बंद, कामच नव्हतं. उरलेल्या चार जुन्या वर्षांचे मिळून सतरा हजार रुपये होत होते. सतरा हजारांत एक चांगली ओव्हरलॉक मशीन येते, असं त्याच म्हणाल्या.

(‘आकारणी वर्ष’ हा शब्द मी वापरला खरा, पण या शब्दाने भल्याभल्यांना घाम फोडलाय. कमाई एका वर्षाची आणि नाव पुढच्या वर्षाचं! १९६१ च्या कायद्याच्या जागी आलेला नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, त्यात ‘कर वर्ष’ असा एकच शब्द ठेवलाय. निदान तेवढं तरी सोपं झालं. मागच्या वर्षांचे हिशेब मात्र जुन्या कायद्यानेच होतात.)

टीडीएसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फक्त बायकांच्याच वाट्याला येते, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. नावाची. पॅन कार्ड कॉलेजात असताना काढलेलं, त्यावर माहेरचं नाव. आधार लग्नानंतरचं, त्यावर सासरचं. दोन्ही जुळत नाहीत म्हणून जोडणी झाली नाही, आणि १ जुलै २०२३ पासून न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले. निष्क्रिय पॅनवर कंत्राटाचा कर एक टक्का कापत नाहीत, वीस टक्के कापतात. पन्नास हजारांच्या बिलात दहा हजार! डब्यांचं काम करणारी एक मुलगी हा आकडा बघून माझ्यासमोर ढसाढसा रडली होती. तिला घरच्यांनी सल्ला काय दिला, तर ‘नव्या नावाने दुसरं पॅन काढून टाक.’ बायांनो, हे चुकूनही करू नका. दोन पॅन बाळगले तर दहा हजारांचा दंड आहे. लग्नाने नंबर बदलत नाही, नाव तेवढं दुरुस्त करून घ्यायचं. ते आधारवर करा नाहीतर पॅनवर, जिथे कागद सोपे पडतील तिथे. मग एक हजार रुपये भरून जोडणी. नाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण कागदांवर काहीतरी एकच ठेवा.

प्रत्येकीचं वहिनींसारखं शून्यावर सुटतं असंही नाही. कर निघतो त्यांचंही बघायला हवं. आमच्याकडे एक काकू येतात, कॉलेजच्या मुलांची मेस आणि जोडीला बारसं-डोहाळजेवणाच्या ऑर्डरी. पाच वर्षांत काम तिप्पट झालं, रिटर्न एकही नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की बायकांना सूट जास्त असते. होती, पण २०१२-१३ या आर्थिक वर्षापासून ती संपली. आता दुसरं कुणीतरी सांगतंय की बारा लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला. यातही अर्धंच खरं. ती सवलत २०२५-२६ पासूनच्या कमाईला आणि नव्या करपद्धतीत आहे, मागच्या वर्षांना नाही. शिवाय कमाई चार लाखांच्या वर गेली की रिटर्न भरूनच ती सवलत घ्यायची असते. न भरता मनातल्या मनात घेता येत नाही.

अशा राहिलेल्या वर्षांसाठी ‘अद्ययावत रिटर्न’ ही सोय २०२२ मध्ये आली. आधी दोन वर्षांपर्यंत होती, २०२५ मध्ये चार वर्षांची केली. आकारणी वर्ष संपल्यावर पहिल्या वर्षात भरलं तर कर आणि व्याज यांवर पंचवीस टक्के जास्त, दुसऱ्या वर्षात पन्नास, तिसऱ्यात साठ, चौथ्यात सत्तर. म्हणजे फळीमागच्या पाकिटाचं भाडं दर वर्षी वाढतंय असं समजा. पैसे परत मागायला मात्र ही सोय चालत नाही, आणि खात्याने त्या वर्षाची चौकशी आधीच सुरू केली असेल तर हा रस्ता बंद होऊ शकतो. म्हणून नोटिशीची वाट बघू नये.

‘‘पण ताई, माझ्याकडे वह्याच नाहीत, कुठून दाखवू?’’ हे काकूंचं म्हणणं. छोट्या धंद्याला कायद्याने इथे मोठी मुभा दिलीये आणि ती बायकांपर्यंत पोचलेलीच नाही. दोन कोटींच्या आतली उलाढाल असेल तर रोख जमेच्या आठ टक्के आणि बँकेतून किंवा मोबाइलवरून आलेल्या जमेच्या सहा टक्के इतकं उत्पन्न धरून रिटर्न भरता येतं, वह्या ठेवाव्या लागत नाहीत. नफा त्याहून जास्त झाला असेल तर जास्त दाखवायचा, हे उघड आहे. कमिशनवर काम करणाऱ्यांना ही सोय नाही. मेसच्या काकूंची मुलं सगळी मोबाइलवरूनच पैसे पाठवतात, त्यामुळे बँकेच्या उताऱ्यातच त्यांची अर्धी वही तयार निघाली. उरलेली वाण्याच्या बिलांतून आणि गॅस सिलिंडरच्या पावत्यांतून जमली. दोन दुपार लागल्या. तिसऱ्या दिवशी काकूंनी शेंगदाण्याच्या पोळ्या आणल्या.

खरं दुखणं निघालं ते जीएसटीचं. २०१८ मध्ये एका कारखान्याच्या कँटीनची ऑर्डर मिळाली, त्यांना नंबर हवा होता, म्हणून कुणीतरी नंबर काढून दिला. सहा महिन्यांत ऑर्डर बंद. काकूंच्या लेखी विषय संपला. पण नंबर घेतला की काम असो-नसो, ‘निरंक’ म्हणून का होईना, रिटर्न भरावंच लागतं. नाही भरलं तर दिवसावर लेट फी. अधिकाऱ्याने शेवटी नंबर रद्द केला, रद्द झाल्यावर एक अंतिम रिटर्न भरायचं असतं तेही राहिलं. त्याची लेट फी दहा हजारांपर्यंत चढते. २०२३ मध्ये एप्रिल ते ऑगस्ट अशी सवलत होती, एक हजारात सुटका झाली असती. काकूंना कळलंच नाही. का? कारण नोंदणीत ईमेल होता नंबर काढून देणाऱ्याचा आणि मोबाइल होता त्याच्या कार्यालयातल्या मुलाचा. तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला.

हे मी इतकं सविस्तर सांगतेय कारण निम्मी भानगड इथेच असते. हल्ली नोटीस पोस्टाने येईलच असं नाही, ती पोर्टलवर आणि ईमेलवर येते आणि तिथे आली म्हणजे तुम्हाला मिळाली असं धरलं जातं. आज घरी गेल्यावर एवढंच करा : आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनपुढे कुणाचा मोबाइल आणि कुणाचा ईमेल आहे ते बघा. मुलीला सांगा, ती दहा मिनिटांत बघून देईल. तिथे तुमचाच नंबर हवा, नवऱ्याचा किंवा भाच्याचा नाही, आणि आमच्या कार्यालयाचा तर नाहीच. माझे साहेब हे वाचून नाराज होतील, होऊ देत.

मेसेज आला म्हणून लगेच दुव्यावर बोटही ठेवू नका. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या नोटिशीवर एक ओळख क्रमांक असतो, तो पोर्टलवर टाकला की नोटीस खरी की खोटी ते समजतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले त्याकडे येते. माझ्यापुढे बसणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी अशा असतात की कंत्राट त्यांच्या नावावर, पॅन त्यांचं, जीएसटी नंबर त्यांचा, आणि त्यांना स्वतःचा धंदा काय आहे हेही सांगता येत नाही. नवरा नोकरीत आहे म्हणून, दिरावर जुनी वसुली आहे म्हणून, बँकेने त्याचं कर्ज थकवलेलं धरलंय म्हणून, किंवा नुसतं ‘कर वाचतो’ म्हणून. खडी-वाळूचं काम, मजूर पुरवायचं काम, वायरिंगची कामं. बाई प्रोप्रायटर. ‘‘कुठे सही करायची तेवढं सांगा,’’ म्हणते. एकदा मी विचारलं, वहिनी, तुमच्या फर्मची उलाढाल किती? तर त्यांनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, ‘‘तिला काय विचारता?’’

तिलाच विचारायचं असतं हो! कायदा तिलाच विचारतो. प्रोप्रायटर म्हणजे ती स्वतः, तिथे फर्म आणि बाई असे दोन जीव नसतात. कर थकला, लेट फी चढली, वसुली निघाली तर ती तिच्या खात्यावर, तिच्या नावाच्या घरावर. उद्या नवरा-बायकोचं पटलं नाही आणि ती माहेरी गेली तरी नंबर तिच्या मागोमाग माहेरी जातो. माझ्याकडे अशी एक आलेली आहे. पोटगीचा दावा चालू आणि हिच्याच रिटर्नमध्ये नऊ लाखांचं उत्पन्न. कोर्टात समोरच्याने तोच कागद काढला. तिने त्यातला एक रुपया पाहिलेला नव्हता.

मी नवऱ्याला मदत करू नका असं म्हणत नाही. संसारात नाव कुणाचंही चालतं, चालावंही. माझं म्हणणं एवढंच की सहीच्या आधी वाचायचा हक्क मागा. बँकेचा उतारा महिन्यातून एकदा बघायला मागा. पासवर्ड मागा. घरात यावरून धुसफूस होते हे मला माहीत आहे. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हे वाक्य हमखास येतं. दूधवाल्यावर विश्वास आहे म्हणून आपण कालनिर्णयवर लिहायचं थांबवतो का?

याचीच दुसरी बाजू म्हणजे नवऱ्याचं कंत्राट आणि नवरा गेलेला. तेराव्याच्या आत माणसं दारात येतात, त्यात मुकादम असतात, दुकानदार असतात, आणि वर्षभराने नोटीस. अशा वेळी बाईने एक गोष्ट पक्की धरून ठेवावी. गेलेल्या माणसाच्या कराची वारसावर जबाबदारी असते ती त्याच्याकडून जी मालमत्ता वारशाने आली तेवढ्यापुरतीच. तुमच्या शिलाईच्या पैशांतून, तुमच्या अंगावरच्या स्त्रीधनातून ती भरायची नसते. मात्र गप्प बसू नये. पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नाव नोंदवावं आणि राहिलेलं रिटर्न भरावं. कितीदा त्यात त्याच्या कापलेल्या टीडीएसचा परतावाच निघतो.

रिटर्न भरून काय मिळतं, असं एकीने अगदी फटकळपणे विचारलं होतं. बँकेचं कर्ज हे उत्तर सगळेच देतात. मी दुसरं सांगते, अशुभ वाटलं तरी. अपघात झाला आणि भरपाईचा दावा लावायची वेळ आली की न्यायाधिकरण विचारतं, हिची कमाई किती होती? रिटर्न असेल तर आकडा समोर असतो. नसेल तर वीस-वीस माणसांचे डबे करणाऱ्या बाईच्याही नावापुढे ‘गृहिणी’ लिहून अंदाजाचा आकडा धरला जातो. गृहिणीच्या घरकामालाही मोल आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं, ते चांगलंच झालं. पण जी दोन्ही करत होती तिच्या दुसऱ्या कामाचा पुरावा कुठून आणणार?

ज्यांची वर्षं राहिलीत त्यांनी एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नये. पहिल्या दिवशी पाकिटं फोडा आणि वर्षवार लावा, बस्स. दुसऱ्या दिवशी बँकेचे उतारे. मग २६एएस. त्यात एखाद्या संस्थेने कापलेला कर दिसत नसेल तर तिने तो भरलेलाच नसण्याची शक्यता असते. कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही असं कायदा सांगतो, पण कापल्याचा पुरावा, म्हणजे बिल आणि खात्यात आलेली कमी रक्कम, तुम्हाला दाखवावा लागतो. म्हणून बिलांच्या कार्बन प्रती फेकू नका. व्यवसाय कर हा आणखी एक वेगळा पाहुणा आहे. पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून तो माफ आहे, पण ती माफी पगारदारांची. स्वतःचा धंदा असेल तर वर्षाचे अडीच हजार लागू होतात का, हे सल्लागाराला विचारून घ्या. आणि उद्यम नोंदणीला सरकारी फी नाही, कुणी दीड हजार मागितले तर ते त्याच्या खिशातले.

सल्लागाराकडे जाताना त्याची फी आधी विचारा. आपण भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी भांडतो आणि इथे ‘तुम्हीच सांगा काय ते’ म्हणून मोकळ्या होतो. भरलेल्या रिटर्नची पोच, कर भरल्याचं चलन आणि हिशेबाची एक प्रत मागून घ्या. ‘कर्जासाठी उत्पन्न थोडं फुगवून दाखवू’ असं कुणी सुचवलं तर उठून या, कारण फुगवलेल्या आकड्यावर सही तुमचीच असते.

गणवेशवाल्या वहिनींच्या चार अर्जांपैकी दोन मंजूर झाले आणि त्या वर्षांचे मिळून आठ हजार सातशे त्यांच्या स्वतःच्या खात्यात आले. उरलेल्या दोन वर्षांसाठी खात्याने शाळेकडून कर कापल्याचं प्रमाणपत्र मागितलंय. वहिनी परवा क्लार्ककडे जाऊन आल्या. मे महिन्याची सुट्टी संपल्यावर देतो म्हणालाय.